मालक नसलेल्या फायली

उद्यमनगरात आमचं दुकान पूर्वी लेथचं होतं. वडील पंपाचे दांडे कातायचे, मी माणसांचे यांत्रिक हात दुरुस्त करते. गल्लीत म्हणतात, लोहाराची संजीवनी डॉक्टर झाली. साफ खोटं! डॉक्टर अख्खा माणूस बघतात, मी कोपरापासून खालचा तेवढा बघते. निदान त्या वर्षापर्यंत तरी तेवढंच बघत होते, आणि वर त्याची घमेंडही होती मला.

सन दोन हजार एक्केचाळीस. दिवाळी होऊन आठवडा झालेला. सकाळी शटर वर केलं तर पायरीवर आण्णाप्पा मगदूम बसलेले, शेजारी त्यांची लेक सुगंधा. आण्णाप्पा कुंभीकाठचे गुळवे. गुऱ्हाळात काहिलीतला उसाचा रस उकळून उकळून गूळ व्हायच्या बेताला येतो, तेव्हा "उतरा" म्हणणारा माणूस म्हणजे गुळव्या. चार दम आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, चार दम उशीर झाला तर करपतो. सगळ्या गुऱ्हाळाचा जीव त्या एका शब्दात असतो. नऊ वर्षांपूर्वी चरकात ऊस घालताना आण्णाप्पांचा उजवा हात कोपरापासून गेला. तेव्हापासून तिथं यंत्राचा हात आहे, आणि तो माझ्या ओळखीचा आहे.

"संजूताई, कागुद आलाय. वाचा," आण्णाप्पा म्हणाले.

हातांची देखभाल बघणाऱ्या मंडळाचं पत्र होतं. कोपरात जो छोटा संगणक असतो त्याची लिनक्स प्रणाली जुनी झाली होती. पंधरा दिवसांत नवा कोपर बसवावा, नाहीतर हात आपोआप थांबेल. 'गूळपारख' हे पॅकेज, म्हणजे गूळ ओळखणारा प्रोग्रॅम, नव्या प्रणालीवर मिळणार नाही, जुन्या कोपरातूनही ते मुळासकट काढून टाकावं. खाली सही, शिक्का.

"म्हणजे हाताला गूळ कळायचा बंद?" सुगंधानं विचारलं. गुऱ्हाळ आता तीच चालवायची. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण माणूस सरळ.

"नव्या हातात त्ये पॅकेज नसलं, तर मी कशाला जायाचं काहिलीवर?" आण्णाप्पा म्हणाले. "गुळव्या ह्यो हाय, ताई." त्यांनी डाव्या हातानं उजवा थोपटला. "मी नुसता त्याला काहिलीपातूर न्हेणारा."

ते थट्टा करत नव्हते. मागच्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडं जेवायला गेले होते. त्या दिवशी घरोघर कोयते, पहारी, शिवणयंत्रं पुसून पुजतात. आण्णाप्पांनी हात सोडवला, पाटावर ठेवला, सुगंधानं त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग थोट्या हातावर टॉवेल टाकून आण्णाप्पा त्या हाताच्या पाया पडले. मला हसू आलं होतं. लाज वाटते आता.

मी नेहमीचे प्रश्न विचारून कार्ड भरलं. "थोट्यात कळ येते का अजून?"

"पैल्या साली लई यायची. गूळ उतरायच्या टायमालाच नेमकी! डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मग हात शाना हुत गेला तशी कळ बी गेली. आता न्हाई."

मी लिहिलं : वेदना नाही.

पत्रात पॅकेज काढून टाका असं होतं. आधी उतरवून घेऊ नका असं कुठं म्हटलं होतं? मी मनाशी ठरवलं, फायली उचलायच्या आणि नव्या कोपरात हातानं बसवायच्या. सुगंधाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग उचला की. गुळाची एक फाईल असंल ना?"

"एक असती तर काय पाहिजे होतं!" मी तिला स्टुलावर बसवलं. "लग्नात रुखवत एका टेबलावर मांडतात, होय का नाही? पण दुसऱ्या दिवशी त्यातली भांडी स्वयंपाकघरात, चादरी कपाटात, समई देव्हाऱ्यात. टेबल मोकळं. पॅकेजचं तसंच असतं. बसवलं की त्यातलं सामान घरभर पांगतं. चालणारा प्रोग्रॅम 'यूएसआर'मधल्या 'बिन' नावाच्या फोल्डरात जातो. त्याला लागणारी सामायिक अवजारं 'लिब'मध्ये. सेटिंग 'ईटीसी'त. वापरता वापरता रोज जे साठत जातं ते 'व्हार'मध्ये. आणि वापरणाऱ्याचं स्वतःचं जे काय, ते 'होम'मध्ये."

"मग सापडायचं कसं?"

"यादी असते ना! पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम फार चिकट कारकून आहे. कुणी काय आणलं, कुठं ठेवलं, सगळं लिहून ठेवतो. त्याला दोन प्रश्न विचारता येतात. ह्या पॅकेजनं काय काय आणलं? आणि उलटा प्रश्न, ही फाईल कुणी आणली?"

मी पहिला प्रश्न विचारला. पडद्यावर दोनशे बारा ओळी आल्या, दोनशे बारा फायली आणि प्रत्येकीचा पत्ता. एकूणएक उचलून नव्या कोपरात त्याच त्याच जागी ठेवल्या. 'होम' उघडलं तर ते रिकामं. नऊ वर्षांत आण्णाप्पांनी त्या हातात स्वतःचं म्हणून काहीच ठेवलेलं नव्हतं. दुसरा प्रश्न विचारायचं मला सुचलंच नाही. यादी मिळाली, सामान मिळालं, झालं काम!

तिसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर चाचणी. नवा कोपर एकदम माणसाच्या अंगावर चढवायचा नाही असा नियम आहे, म्हणून हात काहिलीशेजारी एका लाकडी घोडीवर बसवला. आण्णाप्पा पलीकडं पोत्यावर बसले, थोट्यावर टॉवेल. चुलवाणात चिपाडं धडधडत होती. भेंडीचं पाणी घालून मळी काढून झाली होती, रस तांबूस होऊन बुडबुडे दाटायला लागले होते. वासानं पोट भरत होतं.

सुगंधानं डावानं पाक वर घेतला. हातानं बोटं गार पाण्यात बुडवली, पाकाचा थेंब उचलला, चिमटीत गोळी केली, दाबून बघितली. परत एकदा. परत एकदा. मग मनगटावरचा हिरवा दिवा लागला.

"उतरा!" सुगंधा ओरडली. गड्यांनी काहील उचलून गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली.

दोन तासांनी गूळ बघितला, तर बोट लावलं की आत जात होतं. नुसता चिकटा. सुगंधा बोट पदराला पुसत राहिली. दोनशे बारा फायली मी दोनदा मोजून ठेवल्या होत्या.

आण्णाप्पा उठले. "ग्यान गेलं, पोरी. हात इसरला समदं. उद्यापासनं दुसरा गुळव्या बग."

"आबा, तसं काय..."

"तसंच. हात न्हाई तर मी कोन?" मग माझ्याकडं वळून, सहज सांगावं तसं म्हणाले, "आनि बगा ताई, आज नुसता बसलो हुतो तरी थोट्यात कळ आली. लई सालांनी. त्यो हिरवा दिवा लागला तवाच."

"गोळी घ्या," मी म्हटलं. माझी अक्कल बघा!

दुसऱ्या दिवशी दुपारी जुना कोपर टेबलावर घेतला. आता पत्राप्रमाणे पॅकेज मुळासकट काढायचं होतं. मुळासकट म्हणजे प्रोग्रॅम, सेटिंग, साठवण, सगळं पुसून जागा झाडून घ्यायची. आज्ञा टाइप केली, बटणावर बोट ठेवलं. आणि तिथंच थांबले. मघापासून काहीतरी टोचत होतं. पॅकेजच्या सगळ्या फायली नव्या कोपरात होत्या. तरी हात मठ्ठ. म्हणजे गुळाचं ज्ञान पॅकेजच्या फायलींत नव्हतंच. मग होतं कुठं?

तेव्हा कुठं मला तो उलटा प्रश्न आठवला. मी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. कोपरातल्या प्रत्येक फाईलपाशी जा आणि कारकुनाला विचार, हिला कुणी आणलं?

उत्तरं सरकायला लागली. ही पकडीच्या पॅकेजची. ही स्पर्शाच्या. ही घड्याळाची. ही गूळपारखची. हजारो फायली, प्रत्येकीला मालक. मी चहा ओतून घेतला. कप तोंडाला लावते तोवर पडद्यावर एकच ओळ खालीखाली येऊ लागली.

कोणत्याच पॅकेजची नाही. कोणत्याच पॅकेजची नाही. कोणत्याच पॅकेजची नाही.

चार हजार तीनशे अकरा फायली. 'व्हार'च्या आत, खोल, गूळपारखच्या फोल्डरात, ओळीनं मांडलेल्या. एका काहिलीला एक फाईल, नऊ हंगामांच्या. पॅकेजच्या यादीत त्या नव्हत्या, कारण पॅकेजनं त्या आणल्याच नव्हत्या. त्या नंतर जन्माला आल्या होत्या, ह्याच हातात. यादी करणाऱ्या कारकुनाला त्यांचा पत्ताच नव्हता. आणि मघाशी मी ते बटण दाबलं असतं, तर ते फोल्डर झाडताना त्याही गेल्या असत्या.

पहिली उघडली. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. पाकाचं तापमान, दाटपणा, गोळीचा कडकपणा, आणि खाली पॅकेजचा निर्णय : झालं, उतरवा. त्याच्या खाली एक ओळ.

थोट्याकडून इशारा : थांब.

अर्ध्या सेकंदानं पॅकेज परत म्हणतंय, झालं. परत ओळ : थांब. अशा साठ ओळी. एकसष्टावी ओळ वेगळी होती : आता.

मी कप खाली ठेवला. यांत्रिक हात चालतो तो असा. हात तुटला तरी मेंदूकडून हाताला येणारी शीर मरत नाही, थोट्यात येऊन संपते. तिथं कातडीला चिकटलेल्या पट्ट्या त्या शिरेचे इशारे वाचतात आणि मोटारींना सांगतात. आता हातात पॅकेज असलं तर ते स्वतःहून काही ठरवतं, पण माणसाचा इशारा उलटा आला तर माणसाचं ऐकायचं, असा प्रत्येक हाताचा पहिला नियम. आणि ऐकलं की लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला चूक कमी. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. माणसाला कळतही नाही. कळलीच, तर नुसती एक कळ येते. थोट्यात.

गूळ उतरायच्या टायमालाच नेमकी!

मी कपाळावर हात मारून घेतला आणि मग एकामागून एक फायली उघडत सुटले. गूळपारख बनवणाऱ्यांनी शंभर ठिकाणचे पाक मोजून एक सरासरी काढलेली होती. सरासरीला काय ठाऊक, मीठ फुटलेल्या खारपड रानातला ऊस वेगळा, पडलेला ऊस वेगळा, खताचा मारा झालेला वेगळा? आण्णाप्पांच्या थोट्याला ठाऊक होतं. खारपडीच्या काहिलीला तो म्हणत होता, थांब, थांब. पडलेल्या उसाला म्हणत होता, आत्ता, लवकर! पहिल्या हंगामात एका काहिलीला साठ-साठ दुरुस्त्या. दुसऱ्यात वीस. चौथ्यात सात. हात शिकत गेला तशा ओळी कमी होत गेल्या. मागच्या अख्ख्या हंगामात एकही नाही. फाईल उघडावी तर नुसतं तापमान, दाटपणा, आणि खाली कोरी जागा.

त्या कोऱ्या जागेकडं बघून माझ्या अंगावर काटा आला. शिकवायचं काही उरलं नाही म्हणून हा माणूस गप्प झाला होता. आणि गप्प झाला म्हणून त्याला वाटलं, आपल्याला काहीच येत नाही. चार हजार तीनशे अकरा काहिली ह्यानं यंत्राला हाताला धरून शिकवलं, आणि दर खंडेनवमीला त्याच्याच पाया पडला. आम्हाला अवजारात देव बघायची इतकी सवय, की अवजार धरणारा दिसेनासा होतो. मला तरी कुठं दिसला होता? मी कार्डावर 'वेदना नाही' लिहून मोकळी झाले होते. बाई गं, त्या दुपारी त्या दुकानात मला एवढं लहान वाटलं आणि एवढं छानही वाटलं, की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी बापलेकीला बोलावलं आणि पहिली फाईल मोठ्यानं वाचून दाखवली. साठच्या साठ 'थांब'सकट.

आण्णाप्पांनी संशयानं विचारलं, "ह्ये कुनी लिवलं?"

"तुम्ही."

"म्या? डाव्या हातानं मला धड सई करता येत न्हाई!"

मी सगळं समजावलं. कळ म्हणजे काय ते सांगितलं. सुगंधा पडद्यापाशी गेली आणि बोटानं ओळी मोजायला लागली. मधेच थांबली, बापाकडं बघितलं, परत पहिल्यापासून मोजायला लागली.

"मग ह्या घाला की नव्या हातात," ती म्हणाली.

"घालता येतील. पण वाचणार कोण? ह्यांची लिपी फक्त जुन्या प्रणालीला कळते; नव्या कोपरात मी बसवलेलं गूळपारख चालतं, पण ह्या त्याला वाचता येत नाहीत. मी त्या एका चकतीवर उतरवून घेतल्यात. पत्रात पॅकेज काढा असं होतं, आणि ह्या पॅकेजच्या नाहीतच. पण हाताला त्यांचा उपयोग नाही. हात कोराच बसणार. त्यात गूळपारखची शंभर ठिकाणची सरासरी तेवढी असेल, बास. पुढचं तुम्हाला परत शिकवावं लागेल, आण्णाप्पा. पहिल्यापासून."

ते थोट्यावरचा टॉवेल सारखा करत बसले. चौसष्ट वर्षांचा माणूस.

"आनि माझाच इसर पडला असंल तर?" शेवटी हळूच म्हणाले. "कागदावर हाय म्हनता. पर माझ्यात हाय का अजून?"

मी नवा हात त्यांच्यापुढं सरकवला.

मुदतीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, आण्णाप्पा नवा हात चढवून काहिलीपाशी उभे राहिले. ऊस ओढ्याकाठच्या खारपड रानातला होता. सुगंधानं मुद्दाम तोच घेतला का काय, मी विचारलं नाही. पाक वर आला. हातानं बोटं पाण्यात बुडवली, गोळी केली. आण्णाप्पांच्या कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले.

हिरवा दिवा लागला. गड्यांनी दांडे धरले.

"थांबा!"

आण्णाप्पा ओरडले आणि स्वतःच दचकले. चुलीच्या धगीत त्यांचा चेहरा बघत राहिले मी. भीती होती, आणि मग बघता बघता ती पुसली गेली.

"कळ आली," ते म्हणाले. "सुगंधा! कळ आली गं!"

गडी गोंधळले. दिवा हिरवा लागत होता, विझत होता, परत लागत होता. त्यांनी मालकिणीकडं बघितलं. एक अख्खी काहील दहाअकरा दिवसांपूर्वी वाया गेली होती, आणि ही करपली असती तर गुऱ्हाळाचं नाव गेलं असतं. सुगंधानं दिव्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात आडवा केला आणि म्हणाली, "आबा म्हणतील तवा."

पाक खदखदत होता. आण्णाप्पांनी परत गोळी केली, परत थांबले. डोळे मिटलेले. मी मनात आकडे मोजत होते, पण मधेच मोजणं सुटलं.

"उतरा! उतरा आता!"

काहील उचलली, वाफ्यात ओतली. दोन तास कुणी जेवलं नाही. मग आण्णाप्पांनी गुळाचा एक खडा तोडला आणि काहिलीच्या काठावर आपटला. टण्ण वाजला. पिवळाधमक, कोरडा, कणीदार. गडी हसायला लागले, एकानं तर शिट्टी मारली.

मी कोपराला तार जोडून 'व्हार'मध्ये गेले. फोल्डरात एकच फाईल होती, अडीच तासांपूर्वीची. आत अठ्ठावन्न ओळी. सवयीनं विचारलं, ही कुणाची? उत्तर आलं, कोणत्याच पॅकेजची नाही. मी आण्णाप्पांना ते वाचून दाखवलं. त्यांना आता ते पाठ झालं होतं, ते नुसते हसले.

तेवढ्यात सुगंधा हळदकुंकवाची वाटी घेऊन आली. नवं हत्यार आलं की पुजायचं, ही त्यांच्या घरची रीत. आण्णाप्पांनी सवयीनं पट्टे सोडले, हात काढला आणि पाट कुठाय म्हणून इकडंतिकडं बघायला लागले. पाट आणलाच नव्हता. सुगंधानं त्यांच्याकडून तो हात घेतला आणि शेजारच्या पोत्यावर ठेवून दिला. मग बापाच्या समोर मांडी घालून बसली, थोट्यावरचा टॉवेल बाजूला केला. आण्णाप्पा गडबडले, थोटा मागं घ्यायला लागले.

"आबा, हलू नका," ती म्हणाली.

तिनं बोटावर कुंकू भिजवलं आणि थोट्याच्या टोकाला लावलं. हळद लावली. नऊ वर्षांत डॉक्टर आणि माझ्याखेरीज त्या जागेला कुणी हात लावला नव्हता. मग ती वाकली आणि तिनं त्यावर डोकं टेकलं.

"गार लागतंय गं," आण्णाप्पा म्हणाले.